अळ्यांची मैत्रीण मारिया

सोलापूर जिल्ह्यात कुणा शेतकऱ्याची रेशमाची शेड पाहिली आहेस का? तुतीच्या फांद्यांवर पांढऱ्या अळ्याच अळ्या! कान दे. कुरकुर, कुरकुर... पानं खाल्ल्याचा आवाज!

ही अळी मोठी झाली की कोण होते, ओळख! फुलपाखरू? अंहं! पतंग! दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांचा भाऊबंद!

आता ऐक गंमत. 1660 साल. इकडे शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले आणि तिकडे जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये 13 वर्षांच्या एका मुलीने रेशमाच्या अळ्या पाळल्या! तिचं नाव मारिया सिबिला मेरियन.

तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं, किडे चिखलातून, घाणीतून आपोआप उपजतात. खरंच! मारिया मात्र अळ्यांना पानं घालायची, निरखून पाहायची आणि चित्रं काढायची. तिचे सावत्र वडील चित्रकार होते. त्यांनीच तिला शिकवलं.

अंड्यातून इवलीशी अळी आली. ती वाढली आणि तिची कातडी तिलाच घट्ट झाली, जूनमध्ये गेल्या वर्षीचा गणवेश होतो तशी! मग काय, टाकली कातडी! एकदा नाही, 4 वेळा! पुढे तिने कोष विणला. एका कोषाचा अखंड धागा अर्ध्या किलोमीटरहून लांब असू शकतो, बरं का! आणि कोषातून निघाला पतंग. तो काहीच खात नाही. त्याचं सगळं जेवण अळीपणीच उरकलेलं असतं!

मारियाने इतर अळ्याही पाळल्या. कधी कधी त्यांतून पतंगाऐवजी चक्क माश्या निघाल्या! तिने त्यांचीही चित्रं काढली. काही माश्या अळीवर अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खातात. रेशीम पिकवणाऱ्याला विचार, तो लगेच नाव सांगेल: उझी माशी! म्हणून तर शेडला जाळी लावतात.

1679 मध्ये मारियाचं अळ्यांचं पुस्तक आलं. 50 चित्रं! अळी, कोष, पतंग आणि अळीच्या आवडीचं झाड, सगळं एकाच पानावर! पहिलं चित्र कुणाचं? तुतीवरच्या रेशीमकिड्याचं!

52 व्या वर्षी तिने आपली चित्रं विकून पैसे जमवले आणि धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने थेट दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम गाठलं. का? तिथल्या अळ्या बघायला! 1699 मध्ये असा प्रवास! मला तर हे सगळ्यांत भारी वाटतं. तिथल्या किड्यांचं तिचं देखणं पुस्तक 1705 मध्ये आलं.

आणि सांगू? जर्मनीच्या जुन्या 500 मार्कांच्या नोटेवर मारियाचा चेहरा होता. नोट उलटली की मागे अळी आणि पतंग!