शेळी : इंग्रजीतली आणि आपली

शेळी हा कोकणातल्या वाडीवाडीत दिसणारा प्राणी. ज्या घराला जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्याला अडीअडचणीत हीच हात देते. म्हणून तिला ‘गरिबाची गाय’ म्हणतात. ‘गोट म्हणजे शेळी’ हा अर्थ आपली मुले लहानपणीच पाठ करतात. परंतु शब्दाचा संसार त्याहून मोठा असतो.

शेळीच्या करडाला इंग्रजीत ‘किड’ म्हणतात. हाच शब्द पुढे बोलीत लहान मुलासाठी रूढ झाला. करडाच्या मऊ कातड्याचे हातमोजे घालून एखाद्याला हाताळणे म्हणजे त्याच्याशी अतिशय जपून वागणे. ‘ॲक्ट द गोट’ म्हणजे वेडेचाळे करणे. मेंढ्यांतून शेळ्या वेगळ्या काढणे म्हणजे बऱ्यावाईटाची निवड करणे. हा वाक्प्रचार बायबलमधून आला. अलीकडे मात्र एखाद्या खेळाडूला ‘गोट’ म्हटले, तर तो त्याचा गौरव समजावा. ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या चार शब्दांची ती आद्याक्षरे होत.

मराठीत शेळी बहुधा दुर्बळाच्या बाजूने बोलते. दूर बसून हुकूम सोडणारा ‘उंटावरून शेळ्या हाकतो’. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ या म्हणीत तर सोसणाऱ्याचे दुःख आणि भोगणाऱ्याची बेपर्वाई एकाच ओळीत आली आहे.

सर्वांत विचार करण्याजोगा शब्द ‘स्केपगोट’. विल्यम टिंडेल यांनी 1530 साली बायबलच्या आरंभीच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात तो प्रथम आला. प्राचीन यहुदी विधीत दोन बोकड आणीत. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून सर्व लोकांची पापे त्याच्यावर लादीत आणि त्याला रानात हाकलून देत. आपण या शब्दाला ‘बळीचा बकरा’ म्हणतो. परंतु मूळचा ‘स्केपगोट’ मारला जात नाही, तो समाजाबाहेर काढला जातो.

हा भेद आपल्याला पुस्तकात शोधावा लागत नाही. गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे म्हणजे दुसरे काय? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली स्वतंत्र कायदा केला, यावरून ही प्रथा किती खोलवर रुजली होती हे कळते. कायदा शिक्षा देऊ शकतो. दोष दुबळ्याच्या माथी मारण्याची सवय मात्र घरात आणि वर्गातच मोडावी लागते.

गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंड येथे 1866 साली जन्मलेल्या केशवसुतांनी इंग्रजीतला सॉनेट हा काव्यप्रकार मराठीत आणला. ते पेशाने शिक्षक होते. त्यांच्या परिसरात शिकणाऱ्या मुलांनी परकी भाषा केवळ परीक्षेपुरती घोकू नये. तिच्या शब्दांतून आपल्या समाजाकडेही पाहावे. वसतिगृहात काही हरवले वा मोडले, की एकाच मुलाकडे बोट दाखवले जात असेल, तर ‘स्केपगोट’चा अर्थ ज्याला खरोखर कळला, त्याने त्या मुलाच्या बाजूला उभे राहावे.