घोडदौड आणि घासदाणा

वणीहून पूर्वेला निघून वर्धा ओलांडली की चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा. गोंड राजांनी बांधलेला तिथला परकोट सुमारे 11 किलोमीटर लांबीचा आहे. 1769 च्या आरंभी या परकोटाबाहेर थोरल्या माधवराव पेशव्यांची फौज होती आणि आत नागपूरकर भोसल्यांची शिबंदी. म्हणजे दोन्हीकडे मराठेच. यादवी याहून वेगळी काय असते?

वैर जुने होते. 1763 मध्ये निजामाला साथ देऊन जानोजी भोसल्यांनी पुणे लुटले होते. राक्षसभुवनच्या वेळी बाजू बदलून 32 लाखांचा मुलूख मिळवला. त्यातला 24 लाखांचा माधवरावांनी 1766 मध्ये परत घेतला. पुढे जानोजींनी राघोबादादांची पाठराखण केली, तेव्हा पेशवे निजामाची कुमक घेऊन वऱ्हाडात उतरले.

समोरासमोर लढले तर आपण हरणार, हे जानोजी ओळखून होते. त्यांनी नागपूर लुटू दिले, चांद्याला वेढा पडू दिला आणि स्वतः हलके स्वार घेऊन थेट पुण्याची वाट धरली. पुणेकरांची चीजवस्तू हलवण्याची धांदल उडाली. पेशव्यांना चांद्याचा वेढा उठवावा लागला. जडशीळ तोफखाना जिथे आहे तिथे शत्रू नाही, आणि शत्रू जिथे आहे तिथे तोफखाना पोचत नाही! गोपाळराव पटवर्धन आणि रामचंद्र गणेश पाठलागावर होते, तरी जानोजी हाती लागेनात.

पण हा वेग पोसत कोण होते? हलकी फौज रसद बाळगत नाही. घोड्याचा चारा आणि स्वाराची भाकर वाटेवरचे गाव देते. राजीखुशीने देते असे समजण्याचे कारण नाही. या वसुलीलाच घासदाणा म्हणत. युद्धकथांत आपण घोड्याच्या टापा मोजतो, रिकामी झालेली कणगी मोजत नाही.

मार्च 1769 मध्ये कनकापूरला तह झाला, तो दोन्ही बाजू थकल्यामुळे. त्याची कलमे मात्र विजेता कोण ते सांगतात. उरलेला 8 लाखांचा मुलूख परत, दरसाल 5 लाख 1 रुपया खंडणी, परवानगीवाचून फौज कमीजास्त करायची नाही, आणि औरंगाबाद प्रांतातला घासदाणा बंद. वेगाने जानोजींचे राज्य वाचवले, आणि तहाने त्या वेगाचा चाराच तोडला.

हीच युक्ती 49 वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे केली आणि पळत पळत तो वणीच्या मुलखात पोचला. पण जानोजींच्या धावण्यात पुण्याला धोका होता. बाजीरावाचे पुणे आधीच गेले होते, आणि इंग्रजांचे असे काहीच त्याच्या टापूत नव्हते की ज्यासाठी त्यांनी पाठलाग सोडावा. 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सने त्याला गाठले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅडम्सच्या तोफा चांद्याच्या परकोटाला लागल्या, आणि या वेळी वेढा उठला नाही.