पोटरीतील गुठळी आणि करोनाचे शवविच्छेदन

करोना विषाणूचा संसर्ग हा मुख्यतः श्वसनमार्गाचा आजार आहे, हे 2020 च्या आरंभीच स्पष्ट झाले होते. परंतु तो माणसाला नेमका कोणत्या वाटेने मृत्यूपर्यंत नेतो, हे जिवंत रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून आणि रक्ततपासण्यांवरून पुरते उलगडत नव्हते. ते पाहण्याचा सर्वांत थेट मार्ग शवविच्छेदनाचा, आणि नेमका तोच मार्ग त्या वसंतात जवळजवळ बंद होता. शवविच्छेदनात उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून कर्मचाऱ्यांना संसर्ग होईल या भीतीने जर्मनीच्या रॉबर्ट कॉख संस्थेने अशी विच्छेदने शक्यतो टाळावीत असा सल्ला दिला होता. हॅम्बुर्ग शहराने उलट निर्णय घेतला. संसर्ग-संरक्षण कायद्याचा आधार घेऊन तेथील प्रशासनाने करोनाबाधित मृतांचे शवविच्छेदन करण्याचा आदेश दिला आणि हे काम क्लाउस प्यूशेल यांच्या न्यायवैद्यक विभागाकडे आले.

या कामातील धोका मुख्यतः करवतीत असतो. त्वचा, स्नायू आणि अवयव यांवर सुरी चालते तेव्हा हवेत फारसे काही उडत नाही. पण बरगड्या किंवा कवटी कापताना विजेच्या करवतीने हाडाचा आणि द्रवाचा बारीक फवारा उठतो, म्हणून अशा वेळी हातकरवत किंवा फवारा शोषून घेणारी करवत वापरली जाते, खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला जातो आणि टेबलाभोवती मोजकीच माणसे उभी राहतात. छातीची पुढची भिंत उचलल्यावर निरोगी फुफ्फुस आक्रसून मागे सरकते. करोनाने मृत्यू पावलेल्यांचे फुफ्फुस बहुधा तसे सरकत नाही, जागीच घट्ट आणि जड राहते. हॅम्बुर्गच्या पहिल्या 12 मृतांत दोन्ही फुफ्फुसांचे एकत्रित वजन सरासरी दोन किलोच्या घरात भरले, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून अधिक. अशा फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला तर तो तरंगण्याऐवजी बुडू शकतो, कारण हवेची जागा द्रवाने आणि पेशींनी घेतलेली असते.

एवढ्यावर थांबले असते, तरी न्यूमोनिया हे मृत्यूचे कारण लिहून नोंद पूर्ण झाली असती. हॅम्बुर्गच्या पथकाने मात्र फुफ्फुसधमनी आणि तिच्या शाखा उघडल्या, आणि मांड्यांतील व पोटऱ्यांतील खोल शिराही तपासल्या, जे नित्याच्या शवविच्छेदनात वेळखाऊ म्हणून अनेकदा वगळले जाते. येथे तपासणाऱ्याच्या नजरेची कसोटी लागते, कारण मृत्यूनंतरही रक्त गोठते आणि शिरेत गोठलेले रक्त सापडणे ही स्वतःहून काहीच सिद्ध न करणारी गोष्ट आहे. मृत्यूनंतर बनलेली गुठळी ओलसर, गुळगुळीत, लवचीक असते आणि चिमट्याने सहज सुटून येते. जिवंतपणी वाहत्या रक्तात बनलेली गुठळी कोरडी, ठिसूळ असते, शिरेच्या भिंतीला चिकटलेली असते आणि तिच्या छेदात फिकट व गडद थर आळीपाळीने दिसतात. फिकट थर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींचे आणि फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचे, तर गडद थर अडकलेल्या तांबड्या पेशींचे. असे थर साचायला रक्त वाहते असावे लागते. या कसोटीवर 12 पैकी 7 जणांच्या खोल शिरांत जिवंतपणीच्या गुठळ्या आढळल्या, आणि उपचारकाळात त्यांपैकी कोणाच्याही बाबतीत तशी शंका घेतली गेलेली नव्हती. चौघांचा मृत्यू थेट अशाच गुठळीने फुफ्फुसधमनी अडल्यामुळे झाला होता. 9 पुरुषांपैकी 6 जणांच्या प्रोस्टेट ग्रंथीभोवतीच्या शिराजाळ्यातही ताज्या गुठळ्या होत्या. मे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदींचे महत्त्व आकड्यांपेक्षा पद्धतीत अधिक आहे. 12 ही संख्या लहानच, पण पाय उघडले नसते तर शिरांतील गुठळ्यांची संख्या शून्य लिहिली गेली असती.

पुढचे काम संथ असते. ऊतकांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, मायक्रोटोम या यंत्राने मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचे काप काढले जातात आणि ते काचपट्टीवर रंगवले जातात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रे निळी होतात, इओसिनने उरलेला भाग गुलाबी. अशा कापांत वायुकोशांच्या आतल्या बाजूला गुलाबी, एकसारखा पापुद्रा चढलेला दिसतो. मेलेल्या पेशी आणि रक्तातून झिरपलेली प्रथिने यांचा हा थर ‘हायलाइन पटल’ म्हणून ओळखला जातो. मिलान आणि बेर्गामो येथील 38 मृतांच्या अभ्यासात वायुकोशांची अशी व्यापक हानी तर दिसलीच, शिवाय 33 जणांच्या फुफ्फुसांतील बारीक धमन्यांत गुठळ्या आढळल्या. माक्सिमिलिआन आकरमान आणि सहकाऱ्यांनी करोनाच्या 7 मृतांची फुफ्फुसे इन्फ्लुएन्झाच्या 7 मृतांच्या फुफ्फुसांशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या करोनात 9 पट निघाल्या. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी फाटलेल्या, सुजलेल्या होत्या. पोटरीतील गुठळी आणि केशवाहिनीतील गुठळी या दोन वेगळ्या घटना आहेत: पहिली दुरून वाहत येऊन अडकते, दुसरी इजा झालेल्या जागीच बनते. वृत्तपत्रांतील चर्चेत हा भेद बहुतेक वेळा पुसला गेला.

इतर अवयवांविषयी अधिक जपून बोलावे लागते. हॅम्बुर्गच्याच 39 मृतांपैकी 24 जणांच्या हृदयस्नायूत विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडले. परंतु तेथे दाहक पेशींची गर्दी नव्हती, त्यामुळे त्याला हृदयस्नायूचा दाह म्हणता येत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 44 मृतांवर केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आरएनए शरीरभर, मेंदूतही, आणि एका व्यक्तीत लक्षणे सुरू झाल्यानंतर 230 दिवसांनीही आढळले, पण श्वसनमार्गाबाहेर विषाणूने केलेल्या थेट नासाडीच्या खुणा मोजक्याच होत्या. अस्तित्व आणि अपराध यांतील हे अंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही नडले: मूत्रपिंडाच्या पेशींत विषाणू म्हणून दाखवलेले काही गोल कण पेशीच्या स्वतःच्याच पुटिका असल्याचा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. शिवाय वायुकोशांची तशीच हानी कृत्रिम श्वसनयंत्राच्या दाबानेही होऊ शकते, आणि मृतांपैकी अनेक जण त्या यंत्रावर राहिलेले होते.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी न्यायवैद्यक प्रकरणांतही चिरफाडीचे शवविच्छेदन टाळण्यास सांगितले. भोपाळच्या एम्समध्ये त्याच वर्षी झालेली विच्छेदने हा अपवाद ठरला. ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे सोनोग्राफीच्या मदतीने सुईद्वारे अवयवांचे नमुने घेण्याची पद्धत वापरली गेली. ती सुरक्षित आणि नातेवाइकांना पटण्याजोगी असली, तरी मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी सुईच्या वाटेत येईलच असे नाही.

गुठळ्यांच्या या पुराव्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिन या औषधाची मात्रा वाढवण्याचा विचार बळावला, आणि त्याची परीक्षा मोठ्या चाचण्यांत झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयात दाखल पण अतिदक्षतेची गरज नसलेल्या रुग्णांना पूर्ण मात्रेचा लाभ झाला. जे आधीच अत्यवस्थ होते, म्हणजे शवविच्छेदनाच्या टेबलावर आलेल्यांशी ज्यांची अवस्था सर्वाधिक जुळत होती, त्यांना तो झाला नाही.