हरवलेल्या पाणथळांचा नकाशा : जे उरलेच नाही, ते शोधायचे कसे?

नवी दिल्ली : बेंगळुरूचे मॅजेस्टिक बसस्थानक व श्री कंठीरवा स्टेडियम, चेन्नईतील त्यागरायनगर आणि मुंबईचे ऑगस्ट क्रांती मैदान यांच्यात एक साम्य आहे. या चारही ठिकाणी एकेकाळी पाणी होते. धर्मांबुधी, संपंगी, लाँग टँक आणि गवालिया टँक हे ते जलाशय. संपंगीचे एक छोटे कुंड वगळता आज ते दृष्टीस पडत नाहीत. अशा लुप्त पाणथळांची नेमकी जागा निश्चित करणे हे आता इतिहासप्रेमींपुरते मर्यादित काम राहिलेले नाही. पूरनियंत्रण, नगररचना आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांशी त्याचा थेट संबंध आहे.

पाणी जाते, उतार राहतो

बेंगळुरूतील बहुतेक तलाव नैसर्गिक नव्हेत. दऱ्यांच्या उतारावर बांध घालून ते साखळीने निर्माण करण्यात आले. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या कालव्यांतून खालच्या तलावात जात असे. तलाव बुजवून इमारती उभ्या राहिल्या, तरी दरीचा उतार बदलत नाही. त्यामुळे मुसळधार पाऊस झाला की पाणी जुन्याच वाटेने जुन्याच सखल भागात येते. चेन्नईत २०१५मध्ये आणि बेंगळुरूत २०२२मध्ये आलेल्या पुरांच्या वेळी अतिवृष्टीइतकीच चर्चा जलाशय आणि पाणथळांवरील बांधकामांची झाली, ती याच कारणाने.

शोधाची साधने

पहिले साधन म्हणजे जुने नकाशे. १७६७मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक पत्रकांवर आणि गावोगावच्या महसुली नकाशांवर तलाव, बांध व दलदली नोंदलेल्या असतात. हे नकाशे संगणकावर घेऊन आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवले जातात. त्यासाठी मंदिर, किल्ला, चर्च, रेल्वेपूल अशा, दोन्ही काळांत जागा न बदललेल्या खुणांचा आधार घेतला जातो. या खुणा कमी असतील किंवा मूळ कागद आकसला असेल, तर तलाव काही मीटर सरकून भलत्याच भूखंडावर दिसू शकतो.

दुसरे साधन उपग्रह प्रतिमांचे. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या टेहळणी उपग्रहमालिकेने १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५मध्ये गोपनीयतेच्या यादीतून वगळण्यात आली. शहरे पसरण्यापूर्वीची भूमी त्यांत दिसते. १९७२पासून ‘लँडसॅट’च्या प्रतिमा उपलब्ध आहेत. पाणी अवरक्त किरण शोषून घेते आणि हिरवा प्रकाश त्या मानाने अधिक परावर्तित करते; या फरकावरून संगणक पाणी ओळखतो. मात्र सुरुवातीच्या प्रतिमांची एक चौकट सुमारे ८० मीटरची होती. एक हेक्टरचे तळे तिच्यात जेमतेम दीड चौकट व्यापते. शिवाय जलपर्णीने झाकलेला तलाव प्रतिमेत कुरणासारखा दिसतो आणि हंगामी तलाव मे महिन्यात कोरडा असतो. म्हणूनच एकाच प्रतिमेवरून निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरा साक्षीदार जमीन स्वतःच असते. उंचीच्या आकडेवारीवरून तयार केलेले प्रारूप सखल भाग दाखवते, तर दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या मातीचा करडा रंग आणि तिच्यात सापडणारे शैवाल व परागकणांचे अवशेष तेथील पूर्वस्थितीची साक्ष देतात.

चौथे साधन भाषेचे. कन्नडमधील ‘केरे’, तमिळमधील ‘एरी’, तेलुगूमधील ‘चेरुवु’ हे शब्द असलेली स्थळनावे पूर्वीच्या जलाशयाकडे बोट दाखवतात. मुंबईतील धोबीतलावात आज तलाव नाही. पुण्यात सारसबागेच्या गणपतीला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पेशवेकाळात हे मंदिर पर्वतीच्या तळ्यातील बेटावर होते. अर्थात नाव हा पुरावा नव्हे, तर सुगावा असतो. अन्य साधनांनी त्याची खातरजमा करावी लागते.

मोजणीने बदललेले चित्र

जगातील पाणथळांची हानी १७००पासून ८७ टक्क्यांपर्यंत असू शकते, असे पूर्वीचे एक अनुमान होते. ‘नेचर’ नियतकालिकात २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने देशोदेशीच्या ऐतिहासिक नोंदी नकाशांशी जोडल्या, तेव्हा हा आकडा सुमारे २१ टक्के निघाला. आधीची माहिती प्रामुख्याने अधिक हानी झालेल्या प्रदेशांतून आलेली होती. तरीही नष्ट झालेले क्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून किंचित अधिक भरते.

कायद्याची मर्यादा

इस्रोच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय मानचित्रात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळांची नोंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये याच पाणथळांना संरक्षण देण्याचे निर्देश दिले. परंतु ही यादी सर्वेक्षणाच्या वेळी अस्तित्वात असलेल्या पाणथळांची आहे. त्याआधी बुजलेल्यांचा तिच्यात समावेश असणे शक्यच नव्हते. दुसरीकडे, रामसर कराराच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळेही येतात. भारताच्या २०१७च्या नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळले आहेत. शहरांतून नाहीसे झालेले अनेक तलाव नेमके याच हेतूंनी बांधलेले होते.

बसस्थानक हटवून तलाव परत आणता येणार नाही. परंतु जुन्या पाणथळाची सीमा ठाऊक असेल तर तेथील नाले किती रुंद हवेत, तळघरांना परवानगी द्यावी की नाही आणि पाणी साचण्यासाठी कोणती जागा मोकळी सोडावी, हे ठरवता येते. घर घेणाऱ्यालाही आपण कशावर उभे राहणार आहोत, हे कळते. ही माहिती नकाशावर नसेल, तर ती कोणत्या तरी पावसाळ्यात थेट दारातच येते.