घसरगुंडीखालची जमीन

उमरी तालुक्यासह नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या मोठ्या भागात आढळणारी काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि या दरवर्षीच्या हालचालीमुळे उथळ पायात रोवलेले झोपाळ्याचे खांब हळूहळू सैल होतात. त्याहून गंभीर बाब अशी की वैशाखात ही जमीन, किंवा मैदान सपाट करण्यासाठी तिच्यावर दाबलेला मुरूम, दगडासारखा टणक होतो. खेळसाधनांवरील दुखापतींचे सर्वांत मोठे कारण पडणे हेच असल्याने मूल कशावर पडते, हा प्रश्न साधनाच्या मजबुतीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

युरोपीय मानकांत यासाठी ‘निर्णायक पतन-उंची’ ठरवतात, म्हणजे संवेदक बसवलेला, डोक्याची जागा घेणारा गोळा निरनिराळ्या उंचीवरून जमिनीवर टाकून आघाताचा निर्देशांक मोजतात आणि तो १००० ओलांडणार नाही अशी कमाल उंची त्या जमिनीसाठी मान्य करतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार वाळूचा दबून उरलेला सुमारे २३ सेंटिमीटर थर साधारण १.२ मीटर उंचीवरून पडणाऱ्या मुलासाठी पुरेसा असतो आणि तो साधनाभोवती १.८ मीटरपर्यंत पसरलेला असावा लागतो. काळ्या मातीत नुसता खड्डा खणून वाळू भरली, तर पहिल्याच पावसात तेथे डबके होते. म्हणून तळाशी निचऱ्यासाठी खडी, तिच्यावर माती वर येऊ न देणारे जाड कापड आणि मग वाळू, असा क्रम ठेवणे इष्ट.

पत्र्याची घसरगुंडी उत्तराभिमुख ठेवावी, हा परदेशी पुस्तकांतला सल्ला मात्र येथे फारसा कामाचा नाही. उमरी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, नांदेडचा पारा बेचाळीसपार जातो, आणि चटका टाळायचा तर लिंबाच्या झाडाची किंवा छपराची सावलीच हवी.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान आवश्यक मानले आहे. साधनाखालच्या थराचा उल्लेख तेथे नाही. तथापि त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. नव्या घसरगुंडीच्या खर्चाआधी वाळू, खडी आणि सावलीचा खर्च पालकांनी त्या आराखड्यात लिहून घ्यावा.