लक्षणविरहित व सौम्य संसर्ग आणि सोलापुरातील कोविड-१९ साथ

विषाणू शरीरात शिरूनही आजाराचे कोणतेच लक्षण प्रकट होत नसेल, तर त्यास लक्षणविरहित संसर्ग म्हणतात. किरकोळ ताप, घसादुखी किंवा खोकला एवढ्यावर निभावल्यास तो सौम्य संसर्ग होय. पुढे लक्षणे दिसणार असलेली, परंतु तपासणीच्या दिवशी निरोगी भासणारी व्यक्ती ही ‘लक्षणपूर्व’ अवस्थेतील असते. वृत्तपत्रांतील आकडेवारीत तिची गणना बहुधा लक्षणविरहितांतच होत असे.

सोलापूर शहरातील पहिल्या कोविड-१९ रुग्णाची नोंद १२ एप्रिल २०२० रोजी झाली, तीही मृत्यूनंतर आलेल्या तपासणी अहवालावरून. या आजारात संसर्गापासून मृत्यूपर्यंत साधारणतः दोन ते तीन आठवडे जातात. त्यामुळे नोंदवहीत रुग्णसंख्या शून्य असतानाच विषाणू शहरात पोचलेला होता, असे म्हणावे लागते.

मे-जून २०२० मध्ये शहराचा नोंदीत मृत्युदर राज्याच्या सरासरीहून बराच अधिक होता. रुग्ण उशिरा रुग्णालयात येणे हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण गणिती आहे: मृत्यू सहसा नोंदले जातात, सौम्य रुग्ण मात्र तपासणीपर्यंत पोचतच नाहीत. छेद लहान राहिला की दर फुगतो. यंत्रमाग व विडी कामगारांच्या एक-दोन खोल्यांच्या घरांत किरकोळ खोकला असलेल्यास वेगळे ठेवणेही दुरापास्त होते. जुलैमधील टाळेबंदीत रॅपिड अँटिजन चाचण्या वाढविण्यात आल्या. त्यांचा निष्कर्ष लवकर मिळतो, पण विषाणूचे प्रमाण कमी असलेले संसर्ग त्यांतून निसटतात.

२००३ मधील सार्स आजारात विषाणूचे प्रमाण लक्षणे सुरू झाल्यानंतर सुमारे दहाव्या दिवशी शिगेला पोचत असे. तोवर रुग्ण अंथरुणाला खिळलेला असे, म्हणून त्याला वेगळे केले की साखळी तुटे. कोविड-१९ मध्ये हे प्रमाण लक्षणांच्या प्रारंभीच, कित्येकदा एक-दोन दिवस आधी सर्वाधिक असते. लक्षणविरहित व्यक्तीकडून होणारा प्रसार तुलनेने कमी असल्याचे पुढील अभ्यासांत आढळले. परंतु अशी व्यक्ती, तसेच सौम्य रुग्ण, कामावर, बाजारात, लग्नकार्यात वावरत राहतात, हे त्या हिशोबात विसरता येत नाही.

जिल्ह्यातील पंढरपूरची आषाढी वारी हे याचे ठळक उदाहरण होय. लाखो वारकऱ्यांचा ताप तपासून आजारी तेवढे बाजूला काढता आले असते, तर वारी रोखण्याचे कारण उरले नसते. लक्षणपूर्व व्यक्ती तापमापकाला सापडत नाही. २०२० मध्ये पायी वारी रद्द झाली आणि १ जुलैच्या एकादशीसाठी मानाच्या पालख्यांतील पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या.

न दिसलेले संसर्ग नंतर रक्तातील प्रतिपिंडांवरून मोजता येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मे-जून २०२० मधील पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ०.७३ टक्के प्रौढांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला. म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे किमान ८० संसर्ग. मुंबईच्या तीन प्रभागांत जुलै २०२० मध्ये झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. त्यांपैकी बहुतेकांना आपण बाधित होतो, याची कल्पनाही नव्हती.