‘प्रोबायोटिक’ ताक विकायचंय? आधी एका बाटलीचा हिशोब मांडा



“सर, घरचं दूध आहे, प्रोबायोटिक ड्रिंक सुरू करू का?” हा प्रश्न चॅनेलवर सारखा येतो. करा की! पण मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी हे वाचा.

याकुल्टची ती छोटी बाटली तुम्ही पाहिली असेल. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये एक विशिष्ट जिवाणू वेगळा काढून वाढवला आणि १९३५ मध्ये हे पेय बाजारात आलं. भारतात ६५ मिलीच्या बाटलीत त्या एकाच जिवाणूची संख्या ६५० कोटी असते, असं कंपनी सांगते. १९६३ पासून जपानमध्ये महिला घरोघरी जाऊन ते पोचवू लागल्या. जिवाणू प्रयोगशाळेतला, पण विक्री दारात. हा दुसरा भाग आपल्याला जास्त उपयोगाचा आहे.

आता मुद्द्याचं. आपलं ताक चांगलं, पचायला हलकं, त्यात जिवंत जिवाणूही असतात. तरी प्रत्येक ताक प्रोबायोटिक नसतं. घरच्या विरजणात कोणते जिवाणू, किती, हे आज एक तर उद्या दुसरं. ‘प्रोबायोटिक’ लिहायचं तर एफएसएसएआयच्या नियमानुसार रोजच्या सर्व्हिंगमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, त्यांचं स्ट्रेनपर्यंतचं पूर्ण नाव लेबलवर हवं, आणि ही संख्या एक्सपायरीच्या दिवशीही टिकली पाहिजे. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचं कल्चर घ्या, स्ट्रेनचे कागद मागा, आणि लॅबमध्ये पहिल्या दिवसाची व शेवटच्या दिवसाची तपासणी करा. एवढी तयारी नसेल तर सरळ ‘मसाला ताक’ किंवा ‘गोड लस्सी’ लिहा. त्यात कमीपणा काय आहे? ‘शुगर कमी होते’, ‘अ‍ॅसिडिटी बरी होते’ असलं मात्र बाटलीवरही नको आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरही नको.

कृती अवघड नाही. दूध ९० अंशांपर्यंत तापवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, ४२ अंशांवर आणून कल्चर घालायचं, घट्ट लागलं की लगेच थंड करायचं, मग फेटून बाटलीत. घोळ होतो तो पुढे. दुकानदार रात्री फ्रीज बंद करतो, जिवाणू आंबवत बसतात, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, “लई आंबट झालंय.” कच्चा आंब्याचा रस घातला असेल तर यीस्ट वाढून बाटली फुगते. रस, साखरेचा पाक, जे काही वरून घालाल ते उकळून गार केलेलंच घाला.

आता पेन घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे टाका. एक लिटर दूध ६० रुपये, साखर ५, कल्चर ३, गॅस-वीज १०, पाच बाटल्या लेबलसकट २५. झाले १०३. म्हणजे २०० मिलीची एक बाटली साधारण २०.६० रुपयांना पडली, तुमची मजुरी सोडून. एमआरपी ३५ ठेवली आणि दुकानदाराला २० टक्के दिले तर तुमच्या हातात २८ येतात. १०० बाटल्यांमागे ७४० रुपये उरले, छान वाटतं. पण १० बाटल्या परत आल्या की उरतात ४६०. त्यातच गाडीचं पेट्रोल, बर्फ आणि तुमची मजुरी. खरा धंदा या परत येणाऱ्या बाटल्यांवर ठरतो, मशीनवर नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिले तीन महिने दुकानात माल ठेवूच नका. जवळची एक सोसायटी, एक जिम, एखादं ऑफिस पकडा. आदल्या रात्री ऑर्डर, सकाळी आइसबॉक्समधून डिलिव्हरी, रिकामी काचेची बाटली परत. दुकानदाराचे ७ रुपये वाचतात, शिवाय कोणाला आंबट लागलं ते त्याच दिवशी कळतं. रोज २० लिटरच्या वर दूध लावू नका. एफएसएसएआय नोंदणी मात्र पहिल्या बाटलीच्या आधी. ऑनलाइन होते, आणि तो नंबर लेबलवर छापावाच लागतो.

आजच एक काम करा. घरी दोन लिटरची बॅच लावा, सहा बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि रोज एक उघडून चव वहीत लिहा. कितव्या दिवशी तुम्हालाच ती नकोशी वाटते, ते बघा. एक्सपायरी ठरवायला त्याच्या दोन दिवस आधीपासून सुरुवात करा, मग लॅबकडे जा.